लेखन : सर्व विषयांचे साधन

शाळेच्या वेळापत्रकात निबंधलेखनास आठवड्यातून एखादा तास मिळतो आणि तो भाषेच्या शिक्षकाकडे असतो. लेखन शिकविणे हे त्याचेच काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गणिताच्या शिक्षकाने गणित शिकवावे, इतिहासाच्या शिक्षकाने इतिहास शिकवावा, आणि मुलांस नीट लिहिता येत नसेल तर त्याबद्दलची तक्रार भाषेच्या शिक्षकाकडे करावी, अशी ही श्रमविभागणी आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याच्या साऱ्या वह्या एकत्र मांडून पाहिल्या, तर निराळेच चित्र दिसते. विज्ञानातील प्रयोगांची कृती, भूगोलातील कारणे, इतिहासातील प्रश्नोत्तरे, भूमितीतील सिद्धता हे सर्व लेखनच होय. आणि भाषेच्या वहीच्या मानाने ह्या वह्या कितीतरी अधिक भरलेल्या असतात. विद्यार्थी लिहितो तो मुख्यत: इतर विषयांत, आणि तेथे लिहावे कसे, हे मात्र त्यास कोणी सांगत नाही.

ह्याहूनही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती अशी, की ह्या वह्यांतील पुष्कळसा मजकूर विद्यार्थ्याने लिहिलेला नसून उतरवून घेतलेला असतो. फळ्यावरून वहीत, पुस्तकातून वहीत, किंवा गाईडमधून वहीत. हात चालतो, अक्षरही कदाचित सुधारते, परंतु बुद्धीला फारसे काम पडत नाही. उतरवून घेणे आणि स्वत: लिहिणे ह्या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसत असल्या, तरी त्यांचे फळ अगदी भिन्न आहे. हा भेद लक्षात आला, म्हणजे लेखनाचा प्रश्न केवळ भाषेच्या शिक्षकाचा राहत नाही. तो प्रत्येक विषयाच्या शिक्षकाचा होतो.

तांब्याबाहेरचे पाणी

एक साधे उदाहरण घेऊ. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागास लागून त्याचे पाणी होते व ह्या क्रियेस सांद्रीभवन म्हणतात, ही व्याख्या प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांस पाठ असते. परीक्षेत ती विचारली, की बहुतेक मुले ती बिनचूक लिहितात. आता प्रश्न थोडा बदलून पाहावा. ‘गार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याच्या बाहेरील अंगास थोड्या वेळाने पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी कोठून आले असावे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.’ व्याख्या पाठ असलेल्या मुलांपैकी काही मुले तरी असे लिहितील, की तांब्यातील पाणी झिरपून बाहेर आले.

हे उत्तर चुकीचे आहे, पण ते निर्बुद्धपणाचे नाही. घरचा माठ बाहेरून ओला झालेला मुलाने रोज पाहिलेला असतो आणि तेथे पाणी खरोखरच आतून झिरपते. मुलाने माठाचा अनुभव तांब्यास लावला. मातीच्या भांड्यास सूक्ष्म छिद्रे असतात व पितळेस ती नसतात, एवढाच दुवा त्याच्या विचारात राहून गेला. व्याख्येने हा राहून गेलेला दुवा झाकून टाकला होता. लेखनाने तो उघड केला. शिक्षकास आता पुढचा मार्ग दिसतो. तांब्यात रंगीत पाणी घालून बाहेरचे थेंब रंगीत होतात की काय, हे पाहता येते. तांब्यात कोमट पाणी घालून थेंब जमतात का, तेही पाहता येते. तांब्या नाजूक तराजूत ठेवला, तर जमणाऱ्या थेंबांबरोबर त्याचे वजन किंचित वाढत असल्याचे दिसते. पाणी आतूनच बाहेर आले असते, तर वजन वाढण्याचे कारण नव्हते. हे सर्व पाहून झाल्यावर मुलाने तोच प्रश्न पुन्हा लिहावा. वहीत ही दोन उत्तरे एकाखाली एक राहिली, म्हणजे त्या मुलाच्या प्रगतीचा त्याहून चांगला दाखला कोणत्याही गुणपत्रकात मिळणार नाही.

ह्या उदाहरणात पहिले, चुकलेले उत्तर खोडून टाकलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नेहमीच्या वहीत फक्त बरोबर उत्तरास जागा असते. त्यामुळे मूल विचार करू लागण्याच्या आधीच बरोबर उत्तर कोठे मिळेल त्याचा शोध घेऊ लागते.

लिहिताना काय घडते?

बोलणे हे प्रवाही असते. बोलणारा अर्धे वाक्य सोडून देतो, हातवारे करतो, आणि ऐकणारा उरलेले समजून घेतो. लेखनात ही सवलत नाही. वाचणारा समोर नसतो. म्हणून जे सांगावयाचे ते सारे शब्दांतच आणावे लागते. ह्या सक्तीमुळे लिहिणारास आपणांस काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही, ह्याचा पत्ता लागतो. ‘मला कळले आहे, पण सांगता येत नाही’ असे विद्यार्थी पुष्कळदा म्हणतात. अशा वेळी पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते, की कळले आहे ते अर्धेच.

ह्याचे आणखी एक कारण आहे. मनुष्याच्या मनास एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. चार कारणे आणि त्यांचे परस्परसंबंध मनातल्या मनात जुळवू गेल्यास चौथ्या कारणापाशी पहिले निसटते. कागदावर मांडलेला विचार मात्र तेथेच थांबतो. त्याकडे पुन्हा पाहता येते, तो पुढेमागे करता येतो, दुसऱ्याच्या विचाराशेजारी ठेवता येतो. अमेरिकेतील शिक्षणाभ्यासक जॅनेट एमिग ह्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, लेखन ही स्वतंत्र अशी शिकण्याची रीत आहे, असे प्रतिपादन केले. लिहिताना हात, डोळा आणि बुद्धी ही तिन्ही एकाच वेळी कामास लागतात. लेखनाची गती संथ असल्याने विचारास उसंत मिळते. आणि जे निर्माण होते ते डोळ्यांसमोर राहते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

मराठीपुरते बोलावयाचे तर, ही सारी प्रक्रिया काही लहानशा शब्दांत साठविलेली दिसेल. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर… तर’, ‘तरीही’, ‘याउलट’, ‘बहुधा’ हे ते शब्द होत. ‘पाऊस पडला. पीक बुडाले.’ ही नुसती दोन वाक्ये आहेत. ‘पाऊस पडला म्हणून पीक बुडाले’ आणि ‘पाऊस पडला तरीही पीक बुडाले’ ह्या दोन वाक्यांत मात्र दोन निरनिराळ्या हंगामांची हकीकत आहे. ह्यांपैकी कोणता शब्द घालावा हा व्याकरणाचा प्रश्न नाही. तो शेतीचा, भूगोलाचा, अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणूनच तो त्या त्या विषयाच्या तासालाच सोडवावा लागतो.

शास्त्रज्ञांच्या वह्या

विज्ञानाच्या इतिहासात वह्यांना मोठे स्थान आहे. मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) हा लंडनमधील एका बुकबांधणी करणाराच्या दुकानात उमेदवारी करीत होता. औपचारिक शिक्षण त्यास अगदी थोडे मिळाले होते. १८१२ साली त्यास सर हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकण्याची संधी मिळाली. त्याने त्यांची टिपणे घेतली, ती विस्तारून व आकृत्या काढून पुन्हा लिहिली, स्वत:च्या हातांनी त्यांची बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्हीकडे पाठविला. पुढील वर्षी त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली.

पुढे सुमारे चाळीस वर्षे फॅरडे आपल्या प्रयोगांची दैनंदिनी ठेवीत होता. १८३२ पासून तो परिच्छेदांना ओळीने क्रमांक देऊ लागला आणि ही संख्या सोळा हजारांच्या पलीकडे गेली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारांच्या साहाय्याने त्यास विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला, त्याची नोंद ह्या दैनंदिनीत आहे. परंतु फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही तेथे तितक्याच काळजीने केलेल्या आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज ह्यांचा परस्परसंबंध शोधण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ ठरले, तेही त्याने लिहून ठेवले आणि प्रसिद्धही केले. त्याची वही हे केवळ शोधांचे कोठार नव्हते. त्याचा विचार जेथे चाले अशी ती जागा होती.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण भारतात आहे. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) ह्यांच्या वह्यांत हजारो गणिती सूत्रे आहेत, परंतु त्यांच्या सिद्धता बहुतांशी नाहीत. कागद महाग असल्याने रामानुजन पाटीवर गणित करीत, आणि हाती आलेले फलित तेवढे वहीत उतरवून पाटी पुसून टाकीत. पाटीवर पुसले गेले ते पुन्हा उभे करण्यासाठी इतर गणितज्ञांस अनेक दशके खपावे लागले. ब्रूस बर्न्ट ह्या अमेरिकन गणितज्ञाने ह्या वह्यांचे संपादन करून पाच खंड प्रसिद्ध केले, त्यांपैकी पहिला १९८५ साली आणि शेवटचा १९९८ साली निघाला. रामानुजनांच्या प्रतिभेस ह्याने काहीच उणेपणा येत नाही. पण स्वत:साठी लिहिणे आणि दुसऱ्यास कळावे म्हणून लिहिणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ह्यावरून स्पष्ट होते. शाळेस दोन्ही प्रकार शिकवावे लागतात : पहिला विचार सुचावा म्हणून, आणि दुसरा तो विचार दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचावा म्हणून.

विद्यार्थी कोणासाठी लिहितो?

शाळेतील लेखनाची पद्धतशीर पाहणी प्रथम इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर झाली. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत जेम्स ब्रिटन, नॅन्सी मार्टिन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६६ पासून हे काम हाती घेतले. अकरा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या विषयांत लिहिलेले सुमारे दोन हजार लेख त्यांनी ६५ शाळांतून गोळा केले व ते दोन प्रश्न मनात ठेवून तपासले : हे लेखन कशासाठी केले आहे? आणि ते कोणासाठी केले आहे?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरादाखल त्यांनी लेखनाचे तीन प्रकार कल्पिले. माहिती देणे, पटवून देणे, कृती सांगणे हे व्यवहारपर लेखन. कथा, कविता इत्यादी ललित लेखन. आणि ह्या दोहोंच्या मध्ये, मनुष्य जवळच्या माणसाशी बोलावे तसा कागदावर चाचपडत विचार करतो, ते स्वाभिव्यक्तीचे लेखन. नव्या विचाराची सुरुवात बहुधा ह्या तिसऱ्या प्रकारात होते, असे ब्रिटन ह्यांचे मत होते. परंतु पाहणीत आढळले ते असे, की सुमारे दोन-तृतीयांश लेखन व्यवहारपर होते, आणि स्वाभिव्यक्तीचे लेखन शंभरात सहादेखील भरत नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके होते. जवळजवळ निम्मे लेखन ‘परीक्षक’ ह्या एकाच वाचकासाठी केलेले होते. हा वाचक चमत्कारिक असतो. त्यास उत्तर आधीपासूनच ठाऊक असते. ज्यास काही जाणून घ्यावयाचे नाही अशा माणसास मूल पत्र लिहीत असावे, तसा हा प्रकार आहे. अशा लेखनात स्पष्टीकरण करण्याचे कारणच उरत नाही. ‘मला ठाऊक आहे’ एवढे दाखविले की काम भागते.

ह्याच सुमारास ब्रिटिश सरकारने सर ॲलन बुलक ह्यांच्या अध्यक्षतेखाली भाषाशिक्षणाविषयी एक समिती नेमली होती. समितीचे एक सदस्य ब्रिटन हेही होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात, प्रत्येक माध्यमिक शाळेने सर्व विषयांस लागू होईल असे भाषाविषयक धोरण ठरवावे, अशी शिफारस करण्यात आली. अमेरिकेतही १९७० च्या आसपास सर्व विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून लेखनाचा विचार करावा, असे प्रयत्न महाविद्यालयांतून सुरू झाले आणि पुढील दशकात ही चळवळ दूरवर पसरली.

लेखनाने विषय खरोखर अधिक चांगला समजतो काय, ह्याची परीक्षा त्यानंतर अनेक संशोधकांनी केली आहे. २००४ साली अशा ४८ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. फायदा दिसून आला, पण तो लहान होता. ज्या उपक्रमांत लेखन दीर्घकाळ चालू ठेवले होते, आणि ‘तुला काय समजले, काय समजले नाही’ असे स्वत:च्या समजुतीविषयी लिहिण्यास सांगितले होते, त्यांत तो अधिक होता; एका बैठकीत फार लांबलचक लिहिण्यास लावले असता तो कमी झाला. २०२० साली विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि गणित ह्या विषयांतील ५६ प्रयोगांच्या आढाव्यातही असाच अनुकूल निष्कर्ष निघाला. त्याचे प्रमाण समजून घ्यावयाचे, तर शंभर मुलांच्या क्रमवारीत बरोबर मध्यावर असलेला विद्यार्थी लेखनाच्या साहाय्याने शिकल्यास साधारणत: बारा जागा वर सरकेल, असे म्हणता येईल. हा चमत्कार नव्हे. पण ज्या उपायास कागद, पेन्सिल आणि रोजची पाच-दहा मिनिटे एवढाच खर्च येतो, त्याचे एवढे फळ लहान म्हणता येणार नाही.

होशंगाबादचा प्रयोग

‘हे सर्व संपन्न देशांतील शाळांस शोभते, आपल्याकडे कसे व्हावयाचे?’ अशी शंका साहजिकच निघते. तिचे उत्तर मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याने दिलेले आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिकांचे त्यास साहाय्य होते. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ पासून एकलव्य ह्या संस्थेने त्याची धुरा वाहिली.

ह्या शाळा ग्रामीण भागातील, साध्या होत्या. मुले चार-चारांच्या टोळीने बसत, स्वस्त साहित्याने प्रयोग करीत आणि जे दिसेल ते वहीत लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची त्यांची पुस्तके नेहमीच्या पाठ्यपुस्तकांहून वेगळी होती. त्यांत प्रयोग कसा करावा ते सांगितलेले असे, प्रश्न विचारलेले असत, पण उत्तरे दिलेली नसत. उत्तर मुलांनी प्रयोगातून काढावयाचे, वर्गात त्यावर चर्चा करावयाची, आणि मग स्वत:च्या शब्दांत ते लिहावयाचे. अशा रीतीने वर्षअखेर प्रत्येक मुलाच्या हाती अर्धे छापलेले व अर्धे स्वत: लिहिलेले असे पुस्तक तयार होई. परीक्षेतही मुलांस पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती. कारण जे घोकून लिहिता येईल असे काही विचारलेच जात नसे.

मुलांना वाचक मिळावा, ह्याचीही तरतूद येथे होती. ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित व्यक्तीस मुले पत्रे लिहीत आणि मनात येतील ते प्रश्न विचारीत. पत्रांना उत्तरे येत. परीक्षक नसलेला, प्रश्नात रस घेणारा आणि उलट लिहिणारा असा हा वाचक होता. लंडनच्या पाहणीत जी उणीव आढळली होती, ती येथे एका पोस्टाच्या पत्त्याने भरून काढली.

तीस वर्षे चालल्यानंतर २००२ साली राज्य शासनाने हा उपक्रम बंद केला. तोपर्यंत तो अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत पोहोचला होता. उपक्रम थांबला, परंतु त्यामागील विचार पुढे गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, विज्ञान, गणित अथवा सामाजिक शास्त्र ह्यांचा प्रत्येक तास हा भाषेचाही तास असतो, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले आहे. २०१४ साली शिक्षक-प्रशिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाची जी रूपरेषा आखण्यात आली, तीत ‘अभ्यासक्रमभर भाषा’ ह्या विषयास स्वतंत्र स्थान देण्यात आले. तत्त्व मान्य झाले आहे. ते वहीपर्यंत पोहोचविणे हे काम उरले आहे.

विषय तितके लेखनप्रकार

सर्व विषयांत लेखन शिकवावे, ह्याचा अर्थ सर्व विषयांत निबंध लिहवून घ्यावे, असा मुळीच नाही. प्रत्येक विषयाची विचार करण्याची रीत निराळी असते आणि तिला साजेशी लिहिण्याची रीतही निराळी असते.

विज्ञानात जे पाहिले आणि जे अनुमानिले, ते वेगळे ठेवावे लागते. ‘ज्योत विझली’ हे निरीक्षण आहे. ‘ऑक्सिजन कमी पडल्याने ज्योत विझली’ हे अनुमान आहे. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारून डावीकडे पहिले व उजवीकडे दुसरे लिहिण्याची सवय लावली, तर वैज्ञानिक दृष्टी म्हणजे काय, ह्यावर निराळे व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

गणितात उत्तरापेक्षा उत्तराचे कारण लिहिणे महत्त्वाचे असते. दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम का येते, असे विचारल्यास मुले प्रथम तीन अधिक पाच, सात अधिक नऊ अशी उदाहरणे देतील. उदाहरणे कितीही दिली तरी ‘नेहमी’ सिद्ध होत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. मग एखादे मूल लिहील, की विषम संख्येच्या जोड्या लावल्या असता एक एकटा उरतो. अशा दोन संख्या एकत्र आल्या, की दोन्ही एकट्यांची जोडी जमते. हे वाक्य साध्या बोलीतले असले तरी ती संपूर्ण सिद्धता आहे. तसेच, एक-तृतीयांश हा एक-चतुर्थांशाहून मोठा का, हे खालच्या वर्गातील मुलास समजेल असे पत्र लिहिण्यास सांगितले, तर अपूर्णांक कोणास खरोखर समजले आहेत, ते पाच मिनिटांत कळून येते.

इतिहासात प्रत्येक विधानास ‘हे कशावरून?’ असा प्रश्न चिकटलेला असतो. महाराष्ट्रातील गावांतून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. मुलांनी त्यांच्याकडून त्या ऐकून लिहाव्यात, आणि सांगणाराने स्वत: काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकले, व आपण त्यावरून काय ताडले, हे वेगवेगळे दाखवावे. दोन मुलांच्या वह्यांत एकाच घटनेची दोन रूपे आली, म्हणजे इतिहासकाराचे काम कोठे सुरू होते ते त्यांस आपोआप उमगते.

भूगोलात दीर्घकाळच्या नोंदींना महत्त्व आहे. अंगणात एक सरळ काठी रोवून दर आठवड्यास मध्यान्हीच्या सावलीची लांबी लिहीत गेल्यास वर्षभरात सूर्याचे उत्तर-दक्षिण चलन वहीतच उमटते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील भारतात प्रत्येक गावी वर्षातून दोनदा मध्यान्हीची सावली नाहीशी होते. तो दिवस गाठता यावा म्हणून मुलांनी आपल्याच नोंदींवरून आधी अंदाज लिहून ठेवावा, आणि मागाहून तो ताडून पाहावा.

अडचणी आणि त्यांवरील उपाय

वर्गात पन्नास-साठ मुले असता एवढे तपासणार कोण, ही शिक्षकांची पहिली व रास्त अडचण आहे. तिचे उत्तर असे, की शिकण्यासाठी केलेले सारे लेखन तपासावयाचे नसते. तासाच्या अखेरीस पाच मिनिटांत ‘आज काय नवे कळले व कोणती शंका उरली’ एवढेच दोन-तीन वाक्यांत लिहवून घ्यावे. रोज आठ-दहा वह्या चाळल्या, तरी वर्ग कोठे अडला आहे ते शिक्षकास समजते आणि आठवड्याभरात बहुतेक वह्या नजरेखालून जातात. मुलांनी एकमेकांचे लेखन वाचून ‘येथे मला कळले नाही’ अशी खूण करावी. ही खूण लाल शाईच्या फुलीहून अधिक उपयोगी पडते. महिन्यातून एकच लेख निवडून तो सुधारून, पुन्हा नीट लिहावा, आणि तेवढा शिक्षकाने काळजीपूर्वक तपासावा.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेले उत्तर पाहिले, की शिक्षकाचा हात प्रथम त्या चुकांकडेच जातो. परंतु पहिल्या वाचनातच चुका दाखविल्या, तर मूल पुढील वेळी कठीण शब्द टाळू लागते, आणि शब्दाबरोबर विचारही टाळू लागते. म्हणून पहिले वाचन आशयासाठी असावे व दुसरे भाषेसाठी. शुद्धलेखनास महत्त्व नाही असे नव्हे. दुसऱ्यासाठी लिहिलेल्या मजकुरात ते हवेच. ते केव्हा मागावे, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. भारतातील असंख्य मुलांची घरची बोली शाळेच्या भाषेहून निराळी असते. जेथे घरी अहिराणी, मालवणी, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते, तेथील मुलास विषय नवा आणि भाषाही नवी अशा दोन ओझ्यांखाली लिहावे लागते. अशा मुलाने पहिला कच्चा खर्डा आपल्या बोलीतील शब्द घालून लिहिल्यास त्यात काहीच बिघडत नाही. विचार प्रथम परिचित शब्दांत उभा राहावा आणि मग त्यास प्रमाणभाषेचा व पारिभाषिक शब्दांचा पोशाख चढावा, हा क्रम स्वाभाविक आहे. ‘सांद्रीभवन’ हा शब्द मुलास तांब्यावरील थेंबांचा उलगडा झाल्यानंतर भेटला, तर तो त्याच्या कायम स्मरणात राहतो. आधी भेटला, तर तो परीक्षेपुरताच राहतो.

आज ह्या साऱ्यास एक नवे कारण जोडले गेले आहे. कोणत्याही प्रश्नाचे सुबक, शुद्ध उत्तर आता यंत्राकडून क्षणार्धात मिळू शकते. वहीतील तयार उत्तर हेच जर शिक्षणाचे फलित मानले, तर ते फलित आता फुकट मिळू लागले आहे. परंतु लिहिता लिहिता स्वत:च्या विचारातील राहून गेलेला दुवा सापडण्याचे जे काम आहे, ते दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही; मग तो दुसरा गाईडचा लेखक असो की यंत्र असो.

लेखन सर्व विषयांत शिकवावयाचे ते मुलांनी लेखक व्हावे म्हणून नव्हे. शेतकऱ्यास पिकाच्या रोगाची हकीकत कृषी अधिकाऱ्यास कळवावी लागते, परिचारिकेस रुग्णाची स्थिती पुढच्या पाळीतील परिचारिकेसाठी लिहून ठेवावी लागते, कारागिरास बिघाडाचे कारण मालकास पटवून द्यावे लागते, नागरिकास अर्ज करावा लागतो आणि आलेल्या उत्तरातील पळवाट ओळखावी लागते. ही सारी कामे निरीक्षण, कारण आणि पुरावा ह्यांच्या भाषेत चालतात. ती भाषा निबंधाच्या एका तासात येत नाही. ती विज्ञानाच्या, गणिताच्या, इतिहासाच्या आणि भूगोलाच्या वहीत, रोज चार ओळी करीत, येते. शाळेने त्या चार ओळींसाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या ओळी मुलाच्या स्वत:च्या असाव्यात, एवढा आग्रह धरावा.